नेपाळी पासपोर्टवर परदेशात फिरायला जायचंय? व्हिसाची फाइल पहिल्या कागदापासून अशी तयार करा

पुण्या-मुंबईच्या टूर ग्रुपमध्ये आता हमखास एखादा नेपाळी पासपोर्टवाला असतो. कोणाची बायको काठमांडूची, कोणाचा ऑफिसातला दोस्त पोखराचा, कोणी दहा-पंधरा वर्षं इथेच हॉटेल लाइनमध्ये काम करतोय आणि आता चार पैसे गाठीला आहेत तर बायका-पोरांना जग दाखवायचंय. आणि सगळे धरून चालतात की नेपाळी म्हणजे आपल्यासारखंच, आपल्याला जो व्हिसा लागतो तोच त्याला. तसं अजिबात नाहीये. सिंगापूरला भारतीय माणसाला आधी व्हिसा काढावा लागतो, नेपाळी माणूस मात्र ३० दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाऊ शकतो. मलेशियाचं बरोबर उलटं, भारतीयांना २०२३ च्या डिसेंबरपासून सूट मिळाली आणि नेपाळी पासपोर्टला ई-व्हिसा लागतो. हाँगकाँगला भारतीयांचं ऑनलाइन रजिस्ट्रेशनवर भागतं, नेपाळी माणसाला रीतसर व्हिसा. त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी म्हणालं "अरे काही लागत नाही, मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो" तर तो कोणत्या पासपोर्टवर गेला होता ते आधी विचारा.

फाइल कशी करायची ते क्रमाने सांगते. नियम आणि फी बदलत राहतात म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात त्या देशाच्या एम्बसीचं पान एकदा उघडून बघायचंच, हे पुढच्या प्रत्येक मुद्द्याला लागू समजा.

पासपोर्टपासून सुरुवात

नेपाळमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरपासून चिपवाला ई-पासपोर्ट मिळतो. त्याआधीचा जुना मशीनवर वाचला जाणारा पासपोर्ट असेल आणि मुदत शिल्लक असेल तर तोही चालतो. मोठ्या माणसाला दहा वर्षांचा, लहान मुलांना पाच वर्षांचा. राहदानी विभागाच्या (म्हणजे नेपाळच्या पासपोर्ट खात्याच्या) साइटवर आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग जिल्हा प्रशासन कार्यालयात किंवा काठमांडूला विभागातच जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे. नागरिकतेचं मूळ सर्टिफिकेट लागतं आणि आता राष्ट्रिय परिचयपत्राचा नंबरही मागतात, तो काढलेला नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. भारतात राहणाऱ्यांना दिल्लीच्या नेपाळी दूतावासातून करता येतं, पण वेळ जास्त धरून चला.

मुदत कमीत कमी सहा महिने शिल्लक पाहिजे, बहुतेक देश हेच बघतात. युरोपचं थोडं वेगळं आहे, तिथून परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जुन्या पासपोर्टवर व्हिसे असतील तर तो जपून ठेवा आणि फाइलला त्याची झेरॉक्स लावा, आधी कुठे जाऊन वेळेत परत आलोय याचा तोच सगळ्यात भारी पुरावा असतो.

कुठे सोपं, कुठे अवघड

पहिल्यांदाच बाहेर जाणाऱ्याला मी सोपे देश आधी सुचवते. भारताबद्दल नेपाळी लोकांना सांगायची गरजच नाही, १९५० च्या करारामुळे येणं-जाणं मोकळं आहे. मालदीवला पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो, फक्त परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग हातात पाहिजे आणि निघायच्या आधी ९६ तासांच्या आत त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरलेला पाहिजे. सिंगापूरचा अरायव्हल कार्डाचा फॉर्म पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. श्रीलंकेला ईटीए, म्हणजे जायच्या आधी घ्यायची प्रवासाची परवानगी, ऑनलाइन होतं. व्हिएतनामने २०२३ च्या ऑगस्टपासून ई-व्हिसा सगळ्याच देशांना उघडा केलाय, ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदा जायचं तर २५ डॉलर आणि पुन्हा पुन्हा जायचं तर ५०. माझ्या मते पहिल्या ट्रिपला व्हिएतनामसारखा स्वस्त आणि बिनकटकटीचा देश नाही. थायलंडचा ई-व्हिसा घरबसल्या काढून जा, शिवाय २०२५ च्या मेपासून त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद करा.

चीनचा व्हिसा लागतो पण नेपाळी नागरिकांना १ मे २०२४ पासून व्हिसा फी माफ आहे. मकाऊला मात्र पोचल्यावर मिळेल या भरवशावर जाऊ नका, नेपाळी पासपोर्टला आधीच काढावा लागतो.

अवघड म्हणजे युरोप, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान. इथे फाइल बघणाऱ्या ऑफिसरच्या मनात एकच प्रश्न असतो, हा माणूस परत येईल का? नेपाळमधून इतके तरुण बाहेर कामाला जातात की हा प्रश्न तिथे जरा जास्तच कडक विचारला जातो. मग खाली जे कागद येतात ते सगळे याच एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आहेत हे डोक्यात ठेवलं की कोणता कागद लावायचा आणि कोणता नाही हे आपोआप कळतं.

कागद, म्हणजे खरं काम इथे आहे

नेपाळी फाइलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ नाव आणि तारीख या दोन गोष्टींत असतो. नागरिकतेच्या सर्टिफिकेटवर पुढे नेपाळीत लिहिलेलं असतं आणि इंग्रजी मागच्या बाजूला, तेही जुन्या सर्टिफिकेटवर बऱ्याचदा हाताने लिहिलेलं. मग तिथे लक्ष्मी हे नाव 'एक्स' घालून लिहिलेलं, पासपोर्टवर 'के-एस-एच' घालून, बँकेत तिसरंच काहीतरी. मधलं कुमारी किंवा बहादुर एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गायब. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण समोरचा ऑफिसर ही दोन वेगळी माणसं आहेत का असं बघतो. म्हणून सगळे कागद टेबलावर पसरून प्रत्येकावरचं नाव एकेक अक्षर करून पासपोर्टशी ताडून बघा. फरक असेल तर वडा कार्यालयातून (वडा म्हणजे वॉर्ड) दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं पत्र मिळतं, ते काढा आणि बँकेतलं नाव दुरुस्त करून घ्या.

तारखेचं तर विचारूच नका. नेपाळी कागद विक्रम संवतात असतात आणि वर्ष वैशाखात सुरू होतं, त्यामुळे नुसते ५७ वजा करून चालत नाही. वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करायचे, पुढच्या महिन्यांना ५६. आणि दिवसही पक्का नसतो, १ वैशाख २०८० म्हणजे १४ एप्रिल २०२३ पण १ वैशाख २०८१ म्हणजे १३ एप्रिल २०२४. महिन्यांचे दिवसही दरवर्षी बदलतात. त्यामुळे जन्मतारीख किंवा लग्नाची तारीख भाषांतर करणाऱ्याने अंदाजे एका दिवसाने इकडे-तिकडे लिहिली की झालं, पासपोर्टवर वेगळी आणि भाषांतरात वेगळी. भाषांतर हातात आलं की सही-शिक्का बघू नका, आधी तारखा बघा.

भाषांतर नोटरीकडून करून घ्यायचं असतं, मूळ नेपाळी कागदाची कॉपी सोबत जोडून. साधारणपणे हे लागतं: नागरिकता, जन्मदर्ता (दर्ता म्हणजे नोंदणी), लग्न झालं असेल तर विवाह दर्ता, घरच्यांशी नातं दाखवणारं वडा कार्यालयाचं नाता प्रमाणपत्र, नोकरी असेल तर कंपनीचं पत्र ज्यात पद, पगार, कधीपासून कामाला आणि सुट्टी मंजूर असल्याच्या तारखा स्पष्ट पाहिजेत, तीन ते सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. धंदा असेल तर कंपनी दर्ता, पॅन आणि करचुक्ता म्हणजे टॅक्स भरल्याचं सर्टिफिकेट. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला सुरू होतं आणि विवरण भरायला पुढे तीन महिने असतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज करणाऱ्याकडे कधीकधी गेल्या वर्षाचं करचुक्ता नसतं. तेव्हा आधीच्या वर्षाचं लावा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा की आर्थिक वर्ष नुकतंच संपलंय. ती एक ओळ नसली की ऑफिसरला वाटतं कागद लपवलाय.

जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद, आणि इंजिनिअरकडून केलेलं मूल्यांकन लावायची तिकडे फार पद्धत आहे. लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. करोडोंची जमीन आणि महिन्याचं उत्पन्न वीस हजार, अशा फाइलला जमीन वाचवत नाही, कारण जमीन विकून कोणी पंधरा दिवस पॅरिसला जात नाही. माझ्यासमोर आलेल्या फायलींमध्ये तरी नियमित पगार आणि नोकरीचं चांगलं पत्र हे लालपुर्ज्यापेक्षा कायम जास्त वजनदार ठरलंय.

बँकेचे पैसे

बँकेकडून दोन गोष्टी घ्यायच्या, बॅलन्स सर्टिफिकेट आणि स्टेटमेंट. सर्टिफिकेटवर नेपाळी रुपयांसोबत त्या दिवसाच्या दराने डॉलरमधला आकडाही छापून देतात, तो मागून घ्या. पण ऑफिसर वाचतो ते स्टेटमेंट. वर्षभर खात्यात तीस-चाळीस हजार फिरतायत आणि अर्जाच्या आधीच्या आठवड्यात एकदम पंधरा लाख आले, हे कोणाच्याही डोळ्यात भरणार. काही एजंट हे पैसे खात्यात "ठेवून" द्यायचं कमिशन घेतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका, पैसे पण जातात आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर पुढची काही वर्षं जातात. खरंच मोठी रक्कम आली असेल, जमीन विकली, एफडी मोडली, भावाने परदेशातून पाठवले, तर त्याचा कागद लावा आणि लिहून टाका.

किती पैसे हवेत हे देशावर आहे. फ्रान्सचा हिशोब सरळ आहे, हॉटेल बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२०. स्वतःचा खर्च स्वतःच्या पैशातून दाखवता आला तर उत्तम, नाहीतर खर्च करणाऱ्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि त्याच्याशी नातं सांगणारा कागद, तिन्ही पाहिजेत.

एक बारीक अडचण, जी भारतीय लोकांच्या लक्षात येत नाही. नेपाळच्या साध्या डेबिट कार्डाने डॉलरमध्ये पेमेंट होत नाही. ऑनलाइन व्हिसा फी भरायला बँकेकडून प्रीपेड डॉलर कार्ड काढावं लागतं, हे २०२१ पासून मिळायला लागलं आणि त्यावर वर्षाला ५०० डॉलरची मर्यादा ठेवलेली होती. म्हणजे चौघांच्या कुटुंबाची फी एकाच कार्डावरून भरायची म्हटलं की वांधे. आधीच हिशोब करा, नाहीतर फॉर्म भरून तयार आणि पैसे जात नाहीत अशी पाळी येते.

अर्ज काठमांडूत की भारतातून?

नियम साधा आहे, जिथे कायदेशीर राहता तिथून. नेपाळमध्ये राहणाऱ्याने काठमांडूतून करायचा. ज्या देशाची एम्बसी काठमांडूत नाही त्यांचं काम बऱ्याचदा दिल्लीहून किंवा दुसऱ्या देशाच्या एम्बसीमार्फत चालतं, ते त्या देशाच्या साइटवर दिलेलं असतं.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्या नेपाळी लोकांना इथूनही अर्ज करता येतो, पण इथे राहतो हे दाखवावं लागतं आणि गाडी नेमकी इथेच अडते, कारण नेपाळी नागरिकाला भारतात व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट लागतच नाही, मग दाखवणार काय? तर नोंदवलेला भाडेकरार, कंपनीचं पत्र, पगार जमा होणाऱ्या इथल्या बँकेचं स्टेटमेंट, पॅन आणि आयटीआर. आधारही नेपाळी नागरिकांना इथे राहत असतील तर काढता येतं. हे सगळं असेल तर बिनधास्त इथून करा. रोख पगार आणि तोंडी भाड्याची खोली असेल तर इथून अर्ज टाकून फी घालवू नका, आधी सहा महिने पगार बँकेत घ्यायला लागा.

युरोपची फाइल

शेंगेनची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाची, फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली फुकट. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून दोन-तीन महिने आधी हात घाला. निकाल साधारण पंधरा दिवसांत, कधी ४५ दिवसांपर्यंतही खेचतात.

कोणत्या देशाकडे अर्ज? जिथे जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिथून अर्ज करून प्लॅन मात्र दुसऱ्याच देशाचा, हे लगेच पकडतात. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. तिकीट विकत घेऊ नका, रिझर्वेशन पुरतं. हॉटेल कॅन्सल होणारं बुक करा, पण व्हिसा येईपर्यंत कॅन्सल करू नका, चेक करतात.

आणि कव्हर लेटर. एक पान, स्वतःच्या शब्दांत. मी कोण, काय करतो, कुठे किती दिवस, खर्च कोणाचा, परत येऊन काय करायचंय. उदाहरणार्थ दशैंच्या (नेपाळी दसरा) सुट्टीत जाताय आणि तिहारच्या (तिकडची दिवाळी) आधी दुकान उघडायचंय, तर तसंच लिहा. नेटवरून उचललेली गुळगुळीत पत्रं ऑफिसर रोज वाचतो.

अमेरिका आणि बाकीचे

अमेरिकेला डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन, अर्जाची फी १८५ डॉलर, मग काठमांडूच्या महाराजगंजमधल्या एम्बसीत इंटरव्ह्यू. २०२५ च्या सप्टेंबरपासून आपल्या देशात किंवा जिथे राहतो तिथेच इंटरव्ह्यू द्यायचा असं त्यांनी सांगितलंय, म्हणून उगाच तिसऱ्या देशात तारीख शोधत बसू नका. इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो आणि फायलीकडे बघतीलच असं नाही, सगळा जोर फॉर्मवर आणि तुमच्या उत्तरांवर. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. बहीण तिकडे आहे तर आहे म्हणा, लपवलेली बहीण फार महागात पडते.

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचं सगळं ऑनलाइन अपलोड करायचं आणि बायोमेट्रिकला काठमांडूत व्हीएफएस या कंपनीच्या व्हिसा सेंटरला जायचं. दोन्हीकडे इंटरव्ह्यू बहुतेक नसतो, म्हणजे तुमच्या बाजूने बोलायला फक्त कागद. नुसतं लंडनला विमान बदलायचं असलं तरी नेपाळी पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच घेऊ नका. जपानला कोणी बोलावत असेल तर त्याचं आमंत्रण आणि हमीपत्र तिकडून मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो.

व्हिसा मिळाला, आता एअरपोर्ट

त्रिभुवन विमानतळावर नेपाळचंच इमिग्रेशन विचारतं, आणि नीट विचारतं. परतीचं तिकीट, हॉटेल, खर्चाचे डॉलर बँकेतून घेतल्याची पावती. डॉलर नेपाळ राष्ट्र बँकेच्या (तिकडची रिझर्व्ह बँक) मर्यादेत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट दाखवून बँकेतून मिळतात, ती पावती जपा. दुबईला व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्या तरुण मुला-मुलींना तर जास्तच थांबवतात.

त्याला कारण आहे, आणि हे मला अगदी जीव तोडून सांगायचंय. व्हिजिट व्हिसावर आखातात नेऊन तिथे कामाला लावायचं हे रॅकेट जुनं आहे, २०२५ मध्ये तर काठमांडूच्या विमानतळावरच्याच गैरप्रकारांची चौकशी झाली. एजंट म्हणतो, "आधी फिरायच्या व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो." बदलून मिळाला नाही तर तुम्ही तिथे बेकायदेशीर. मालकाने पगार दिला नाही तरी तक्रार करायला तोंड नाही. आणि श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशात कामाला जायची सरकारी परवानगी, न घेता गेलेल्या माणसाचं तिकडे काही बरंवाईट झालं तर नेपाळ सरकारच्या वैदेशिक रोजगार कल्याण कोषातून घरच्यांना मिळणारी मदतही हातची जाते. कामाला जायचंय तर वैदेशिक रोजगार विभागाची श्रम स्वीकृती घेऊनच जा. तुमच्या सोसायटीतला वॉचमन, हॉटेलातला पोरगा असं काही बोलत असेल तर त्याला बसवून एवढं समजावा.

मुंबईहून किंवा दिल्लीहून आखातात जाणाऱ्या नेपाळी लोकांकडे दिल्लीच्या नेपाळी दूतावासाचं ना-हरकत पत्र मागतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाला आणि एअरलाइनला विचारून घ्या.

परत येतानाचंही बघा. नेपाळहून विमानाने भारतात यायला नागरिकता चालते, पण तिसऱ्या देशातून भारतात उतरताना पासपोर्टच लागतो. आणि चीन, हाँगकाँग, मकाऊ किंवा पाकिस्तानातून थेट भारतात येणाऱ्या नेपाळी नागरिकाला भारताचा व्हिसा लागतो, हे पुण्यात पंधरा वर्षं राहिलेल्या माणसालाही माहीत नसतं. हाँगकाँगची ट्रिप करायची असेल तर एकतर आधी भारताचा व्हिसा काढा नाहीतर परतीचं तिकीट काठमांडूमार्गे घ्या.

रिजेक्ट झालं तर

शेंगेनवाले नकाराचं कारण छापील कागदावर देतात, ते कारण धरून काम करा. मुक्कामाचा हेतू पटला नाही म्हटलं असेल तर प्लॅन आणि पत्र कच्चं होतं, परत येण्याबद्दल शंका म्हटलं असेल तर नोकरी-घराचे कागद कमी पडले. अपील करता येतं पण कागदच कमी असतील तर नवा अर्ज बरा. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून एम्बसीकडेच फेरविचार मागायची सोय बंद केली, आता नवा अर्ज किंवा कोर्ट. अमेरिकेच्या २१४-बी नकाराला (परत येण्याची खात्री पटली नाही या कलमाखालचा) अपील नसतं, फी भरून परत जायचं, पण परिस्थितीत काही बदल झाला असेल तरच. पुढच्या कुठल्याही देशाच्या फॉर्ममध्ये आधी नकार मिळालाय का असं विचारलं तर हो लिहा, सोबत तारीख, देश आणि आता काय वेगळं आहे ते दोन ओळींत.